लेबलाजवळचं कडवं

३ ऑगस्ट १९८६, रविवार

महिपत आला, आमच्या ओटीवर बसून आमचाच चहा प्याला, आणि बशी पुसून म्हणतो काय — "ते गाणं माझं!" चहा आमचा, साखर आमची आणि गाणं याचं!

गाणं म्हणजे जाखडीचं, गणपतीत रिंगण धरून नाचतात त्यातलं. हे मुंबईस गोदीत होते तेव्हा तिथल्या मंडळाची रेकॉर्ड निघाली. तिच्या मागल्या बाजूला सगळ्यात शेवटी ते आहे. म्हटलंय यांनी. महिपत म्हणतो, "गळा त्याचा गो वहिनी, पण रचलं मी, हितं गावात. तो मुंबईस घेऊन गेला." या गणपतीत तो ते आपल्या नावाने म्हणणार आहे. वाडीभर सांगत सुटलाय!

आता जाखडीच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव घालतो. ती त्याची सही. म्हणजे रेकॉर्ड लावायची, नाव ऐकायचं, झालं! पण आमच्या प्लेयरवर शेवटचं कडवं आलं की आवाज फाटतो. तेलात पापड सोडल्यासारखा चर्र वाजतो. पहिली गाणी कशी खणखणीत, आणि हे लेबलाजवळचं मेलं नुसतं चर्र!

यांना म्हटलं, तुम्हीच सांगा की नाव कोणाचं ते. म्हणाले, "आठवत नाय." शेजारच्या धोंडूने नेलेली आमची कोयती बरी आठवते! "म्हणू दे त्याला," म्हणाले. म्हणू दे? मी नाही म्हणू देणार.

५ ऑगस्ट

जावई काशीराम आणि लेक सावित्री लोट्याहून आली. काशीराम कारखान्यात यंत्रं सांभाळतो, त्याला असल्या गोष्टीत भारी गोडी. प्लेयरच्या पेटीला कान लावून बसला, वैद्य नाडी बघतो तसा. म्हणाला, "आई, रेकॉर्ड नाय खराब. सुईचा दोष."

मग समजावलं. तबकडी बाहेर-आत एकाच चालीने फिरते. बाहेरचा फेरा मोठा, तिथे अक्षरं ऐसपैस बसतात. आत लेबलाजवळ फेरा लहान, तेवढीच अक्षरं दाटीवाटीने कोंबलेली. आमची सुई गोल टोकाची. तिला त्या दाटीत शिरता येत नाही, वरूनच घसरते.

मला लगेच कळलं! जाखडीत नाही का, बाहेरून नाचणारा गडी ही लांब ढांग टाकतो, आणि मधे गाणाऱ्यांच्या जवळ जो आला त्याला पाय ठेवायला जागा नाही. काशीराम हसला. म्हणे, "आई, तुम्ही कारखान्यात यायला हव्यात." येईन की! जेवायला काय देतात तिथे?

सुई ज्या डबीत असते तिला कार्ट्रिज म्हणतात. ती बदलायची ठरलं. हे पान जुळवत होते. सुपारी कातरायचे थांबले ते माझ्या लक्षात आलं हो!

१० ऑगस्ट

चिपळूणच्या रेडिओवाल्याकडून काशीरामने नवी डबी आणली. बसवली. पुन्हा चर्र! ही पण गोल टोकाचीच निघाली — नवी म्हणून काय झालं? यांचा चेहरा मात्र असा उजळला, जणू मुलगा झाला! "मी म्हटलंच होतं, सोडा आता." एवढा आनंद कशाचा?

११ ऑगस्ट

फणसाच्या आठळ्या उकडल्या. बाकी काही नाही.

१७ ऑगस्ट

नावाचा विचार करत होते. महिपतचं निघालं तर? मग हे एवढी वर्षं मांडी ठोकून शाहीर म्हणवत होते ते काय! आणि म्हणून तर आठवत नाही म्हणत नाहीत ना? छे. यांचंच असणार.

नावाचं एकूण विचित्रच आहे. मी यांचं नाव घेत नाही, हे माझं घेत नाहीत. लग्नात सगळ्यांनी नाव घ्या, नाव घ्या केलं, मी उखाण्यात घेतलं, आणि यांनी अख्खा लाडू तोंडात कोंबला! तेव्हापासून मी "ऐकलंस काय?" नाही तर "अगो". बोका पण त्या हाकेने येतो.

माझं माहेरचं नाव चिमा. सासूबाईंनी दमयंती केलं. आता तेही कोणी म्हणत नाही, सगळ्यांची आजी झाले. बऱ्याच दिवसांनी चिमा लिहिलं. दुसरीत पाटीवर लिहायची, मग शाळा सुटली. चि पहिली की दुसरी, म्हणून गुरुजींनी कान पिळला होता.

२४ ऑगस्ट

काशीराम मुंबईहून दोन डब्या घेऊन आला! या वेळी विचारून-विचारून आणल्या. एकीची सुई फारच बारीक, पण ती नाजूक, आमच्या पेटीची दांडी जड, तिला झेपायची नाही म्हणाला. दुसरी सुई चपट्या टोकाची, अंड्यासारखी. बाजूने निरुंद, म्हणून दाटीत उतरते. मी म्हटलं, मग हीच! खडकावरची कालवं काढायला आपण जाडी सुरी नेतो काय? बारीक टोकाचं लागतं, पण मोडणारं नाही. यावर जावई म्हणतो, "हे मला दुकानात अर्धा तास सांगत होते!"

बसवायला घेतली तर स्क्रू गायब. इवलेसे दोन. चटया झटकल्या, बोक्यावर संशय घेतला. सावित्रीने ओटी झाडली. हे आपले डोळे मिटून जप करतायत. कधी नव्हे तो जप!

संध्याकाळी मला सुपारी हवी म्हणून पानाचा डबा उघडला. चुन्याच्या डबीखाली दोन्ही स्क्रू!

"हे काय?"

"पडले असतील."

"झाकण उघडून पडले? आणि वर चुन्याची डबी ओढून घेतली?"

यांनी पुन्हा डोळे मिटले. मी इतकी हसले की उचकी लागली. पण मग हसू थांबलं. माणूस असं लपवतो कधी? महिपतचंच नाव असणार तिथे.

काशीरामला म्हटलं, राहू दे बाबा. तर तो म्हणाला, "पुढच्या रविवारी बसवू. महिपतकाकांना मी बोलावून आलोय."

३१ ऑगस्ट, रविवार

बसवली. काशीरामने आखलेला कागद तबकडीच्या जागी ठेवला, यांचा चष्मा लावून डबी रेघेला नीट लावली. महिपत धुतलेला सदरा घालून पुढेच बसला. हे खांबाला टेकून बाहेर माडाकडे बघत.

शेवटचं गाणं लागलं. मी पदराचा बोळा धरून बसले. आणि चर्र नाही! काही नाही! मृदुंगाची थाप वेगळी, घुंगरू वेगळे. आणि यांचा तरणा आवाज, जणू आत्ता विहिरीवर पाणी ओढतायत —

"चिमा म्हणे, शेवट गोड करा..."

सुई लेबलाशी जाऊन टक-टक करत राहिली.

महिपत म्हणाला, "चिमा? ही कोण रे?" मग त्याने माझ्याकडे पाहिलं. लग्नात वऱ्हाडी होता तो, त्याला आठवलं. असा हसला, असा हसला की सदऱ्यावर चहा सांडला! "गाणं तुझंच रे शाहिरा! माझं असतं तर तुझ्या बायकोचं नाव घातलं असतं काय मी? बदडला असतास मला!" आणि म्हणे, "बायकोच्या नावाचा कवी! आता वाडीत तोंड कसं दाखवशील?"

म्हणून! म्हणून गाणं सोडून द्यायला तयार झाले, स्क्रू चुन्याखाली गेले!

सगळे गेल्यावर विचारलं, का घातलंत? भिंतीकडे बघून म्हणाले, "हितं आई होती. घरात घेता येत नव्हतं. तिकडं कोण ऐकणार होतं?" मग पानाचा डबा पुढे ओढून, "फाटत होतं ते बरं होतं."

मी म्हटलं, पुन्हा लावा. लावली. पुन्हा लावा. तिसऱ्यांदा म्हणाले, "सुई झिजेल गो."

झिजू दे.

१ सप्टेंबर

आजवर यांचं नाव मी कागदावरही घातलं नव्हतं.

भिकाजी.

अक्षर वाकडं आलं. पण वाचता येतं.