कापडाआडची मुद्दव्वा

३ मे १८५९

नोकरी लागली, तीही पोरीसकट! समुद्राकाठच्या या गावात दहा महिन्यांचं तान्हं घेऊन आलेल्या विधवेला कोण दारात उभं करतं? पण छायाचित्रकार ओकेंडनसाहेबांनी माझे रंगकामाचे नमुने पाहिले आणि पोर रडकी नाही ना, एवढंच विचारलं. एडीने त्यांची दाढी ओढून उत्तर दिलं. त्यांची बहीण टॅबिथा घर सांभाळते. तिने आल्याआल्या मला गरम सूप वाढलं आणि मी किती वाळलेय ते तीनदा ऐकवलं.

माझं काम छायाचित्रांत रंग भरायचं. गालांवर गुलाबी, दागिन्यांवर सोनेरी. पहिलंच चित्र राजकन्या मुद्दव्वाचं. हिच्या वडिलांचं राज्य आमच्या इंग्रज लोकांनी घेतलं आणि हिला लहानपणीच इकडे विलायतेत आणलं. अंगावर जरीचं वस्त्र, दोन्ही हात मांडीवर मोकळे, एका हाताच्या बोटांत चार अंगठ्या. जरीकाम रंगवताना मजा आली. रंग वाळल्यावर साहेबांनी ते जिन्यात टांगलं.

११ मे

इथली एक रीत मला ठाऊक नव्हती. काचेवर चित्र उमटायला दहा-बारा सेकंद लागतात, आणि लेकरं कसली तेवढा वेळ गप्प बसतात! म्हणून आईला खुर्चीत बसवून तिच्यावर तपकिरी कापड टाकायचं आणि पोर तिच्या मांडीवर द्यायचं. चित्रात नुसतं पोर. मी म्हटलं, सगळ्याच आयांची ही गत! टॅबिथा हसली नाही.

बटाटे सोलताना तिने सांगितलं. मुद्दव्वाचा नवरा इथलाच एक कॅप्टन. त्याला आपल्या आईसाठी लेकीचं चित्र हवं होतं, बायकोचा काळा हात मात्र त्यात दिसायला नको होता. आधी मुद्दव्वाचं चित्र झालं, मग ती कापडाखाली बसली. लेकीचं चित्र होताच दाईने पोर उचललं आणि कॅप्टनची गाडी निघाली. “आणि आमचे बंधुराज तिला सांगताहेत, पोरीला शांत करून देतो, बाई, तुम्ही हलू नका! कॅप्टनने पढवलं होतं ना. तासभर बसली बिचारी.” त्यानंतरच्याच हिवाळ्यात ती खोकून खोकून गेली. लेक तिला पुन्हा दिसली नाही.

मला साहेबांचा भयंकर राग आला. पण खाल्ल्या अन्नाला जागावं लागतं.

२ जून

मिसेस पिलबीम आपल्या तान्ह्याला घेऊन कापडाखाली बसल्या. काच धुतली, तर बाळाच्या पोटावर एक सावळा हात. बोटांत चार अंगठ्या. पिलबीमबाईंच्या हातांत पांढरे मोजे होते.

साहेब माझ्यावरच खेकसले, “जुनी काच नीट घासली नाहीत, दुसरं काय!” वापरलेल्या काचेवरचं जुनं चित्र कधीकधी असं वर येतं, हे खरं. पण ती काच कोरी होती. तिचं वेष्टण मीच फोडलं होतं.

जिन्यातल्या चित्रात मुद्दव्वाच्या मांडीवर आता एकच हात आहे. साहेबांना दाखवलं. ते बघेचनात.

९ जून

आज जिन्यातल्या चित्रात नुसती खुर्ची आहे. माझा सोनेरी रंग तसाच, हवेत. उद्या आम्ही जाणार. कुठे, ते ठाऊक नाही. टॅबिथाला सांगितलं. ती म्हणाली, “जा पोरी, थांबू नकोस.”

१० जून, दुपार

सामान गाडीवर चढवून आले — एडी पाळण्यात नाही. वर छायाचित्रांच्या खोलीत धावले. साहेबांनी तिला खुर्चीतल्या कापडावर बसवलेली. म्हणे दुकानात लावायला एक चित्र, जाण्याआधी. मला वाटलं, कापडाखाली टॅबिथा आहे.

टॅबिथा माझ्या मागून आली. हाताला पीठ.

साहेब पळाले. टॅबिथा पाद्र्यांना आणायला गेलीय.

एडीला ओढलं की कापड तिच्याभोवती आवळतं. तिचं पाऊल डाव्या हातात धरलंय. सोडणार नाही. वेड लागू नये म्हणून लिहितेय.

कापडाला विनवून म्हटलं, बाई, तुमची नाही ही, माझी आहे. तुमच्यावर अन्याय झाला, पण ही माझी —

एडी रडत नाही. हसतेय. वर बघतेय.

बोलली. आत्ता. “आई.” मला अजून एकदाही म्हणाली नव्हती. आणि माझ्याकडे बघून नाही — कापडाकडे वळून — आणि आतून तिला कुणीतरी ओ —