खड्डा बुजवल्यानंतर फाटलेले बुश

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा मोटार दुरुस्ती, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. शरीराबद्दल त्या "फार तर पंधरा दिवस" एवढंच म्हणाल्या. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी रागात लिहिलं होतं.

१. राहतं घर आणि बँकेत असेल ते पत्नीचं. तिने जन्मभर माझे ग्रीसचे कपडे धुतले आणि माझा हेका सोसला. हेक्याची भरपाई माझ्याकडे नाही.

२. गॅरेज, हत्यारं आणि वडिलांची निळी गाडी माझ्या धाकट्या भावाची. अकरा वर्षं तो माझ्याशी बोललेला नाही. त्यात त्याची काडीचीही चूक नाही, हे मी कायद्याच्या कागदावर कबूल करतो.

वडिलांच्या काळात या गाडीच्या पुढच्या आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याच्या सांध्यातले, रबरी बुश आठ-आठ वर्षं टिकायचे. नंतर ते आठ महिन्यांत फाटू लागले. बुश धाकटा आणायचा, बसवायचो मी. एकदा गिऱ्हाइकांसमोर मी त्याला म्हणालो, "नकली माल आणतोस आणि वर तोंड करून बोलतोस?" त्याने हात पुसले, जेवणाचा डबा उचलला आणि गेला. पुढे मी स्वतः पारखून बुश आणले. तेही फाटले. तरी माझी ट्यूब पेटली नाही, मी रस्त्यांना शिव्या देत बसलो.

३. गेल्या महिन्यात अंथरुणावर पडल्यापडल्या फाटक्या बुशांचा डबा वर्तमानपत्रावर ओतला. एकोणीस निघाले. रबर अजून मऊ, सुकून तडकलेलं नाही, तेलाने फुगलेलं नाही. माल अस्सल होता. आणि सगळे एकाच बाजूला पिळून फाटलेले. तेव्हा धाकट्याचं बोलणं आठवलं. "दादा, चाकं जमिनीला टेकू दे, मग नट आवळ." त्यावर मी म्हणालो होतो, "पाना धरायला तुला मी शिकवलं."

वडील गॅरेजच्या खड्ड्यात पडले, त्यांची मांडी मोडली. त्याच आठवड्यात मी तो खड्डा काँक्रीटने बुजवला. खड्डा होता तोवर गाडी आपल्या चाकांवर उभी असायची आणि आम्ही खालून नट आवळायचो. तो गेल्यावर मी गाडी जॅकवर घेऊन, चाकं लोंबकळत असतानाच आवळू लागलो. गाडी खाली आली की आर्म वर जायचा आणि आत पकडलेलं रबर पिळलेलंच राहायचं. उभ्या गाडीतसुद्धा ते फाटत होतं. मी भावाला चोर ठरवलं, आणि रबर माझ्याच हाताने फाटत होतं.

४. "जुनी गाडी म्हटल्यावर हे चालायचंच" असं दर वेळी हसत सांगणाऱ्या सुट्या भागांच्या दुकानदाराला अठरा फाटके बुश. काउंटरवर मांडून ठेवावेत. एकोणिसावा धाकट्याच्या हातात द्यावा. त्याला बघताक्षणी कळेल.

५. मी त्याला फोन केले. त्याची बायको रडवेली होऊन म्हणाली, "दादा, तुमचं नाव काढलं की हे ताटावरून उठतात. मी काय करू?" रिक्षाने त्याच्या दुकानात गेलो, तर त्याने शटर ओढलं. उभं राहवेल तोवर बाहेर थांबलो. आता तेवढंही जमणार नाही. मला मरणाची भीती नाही. हे त्याला न सांगता मरण्याची आहे, आणि ती मला झोपू देत नाही.

६. नवे बुश बसवून घेतले आहेत. गाडी खाली शिरता यावं म्हणून जाड फळ्यांवर चढवली आहे, चारी चाकांवर उभी आहे. नट हातानेच फिरवून ठेवले आहेत. माझ्या मनगटात आवळायचा जोर नाही आणि दुसऱ्या कुणी हात लावू नये. पाना पुढच्या डाव्या चाकापाशी आहे.

७. हे मृत्युपत्र माझ्या मागे उघडण्यासाठी नाही. शेजारच्या शिंपीदादांनी ते आजच धाकट्याच्या दुकानात नेऊन मोठ्याने वाचावं. शटर ओढलं तर बाहेरून वाचावं. वारसदाराने साक्षीदार होऊ नये असं वकील म्हणाले, नाहीतर सहीच्या निमित्ताने तरी त्याला बोलावलं असतं.

धाकट्या, मी चुकलो. ये रे. मी गाडीशेजारी खाट टाकून पडलोय.

सही: (पेन नीट धरवेना म्हणून तीनदा केली, शेवटची खरी धरावी)

साक्षीदार: १. शेजारचे शिंपी २. डॉक्टरीणबाई

स्थळ: गॅरेज. दिनांक: ९ मार्च, सकाळी अकरा. शटर उघडं आहे.