दोन बहिणींची पेन्शन आणि तीन मिनिटं

रॉकिंगहॅम, पश्चिम ऑस्ट्रेलिया
३ जुलै

आदरणीय म्युरियलताईंना हेडलीचा नमस्कार.

तुमच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन आता चार महिने झाले. तेव्हा काठी सुटली असेल आणि पोस्टापर्यंतची चढण तुम्ही पूर्वीसारखी कुणाचा हात न धरता चढत असाल, असं समजून चालतो. (आधाराला आलेले हात तुम्ही झटकता, हे एनिडकडून ऐकलेलं आहे.) तिकडे इंग्लंडात, हॅलिफॅक्सला उन्हाळा पोचला की नाही ते कळवावं. इथे हिवाळा आहे आणि मी दोन स्वेटर घालून लिहितो आहे. तुमची भाची जिलियन आणि तिची मुलं ठीक आहेत. मीही ठीक आहे, म्हणजे जिवंत आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण मध्यंतरी सात आठवडे मी सरकारी कागदावर जिवंत नव्हतो, आणि जिलियनने फोनवर तुम्हाला त्यातलं अर्धंच सांगितलं असं कळलं.

एनिडच्या अंत्यविधीला तुम्ही पाठवलेली फुलं वेळेवर पोचली होती. त्याबद्दल आभाराचं पत्र मार्चमध्येच जायला हवं होतं. तीनदा लिहायला बसलो. या घरात पत्रं लिहिण्याचं खातं एनिडकडे होतं. माझ्याकडे पाकीट बंद करणं, तिकीट चिकटवणं आणि पेटीत टाकून येणं एवढंच होतं, आणि ते काम मी बावीस वर्षं चोख केलं. तुम्हाला ठाऊक आहेच की दर एप्रिलला ती लंडनला एक पत्र पाठवायची. तुमच्याकडे पेन्शन वाढते तो एप्रिल. आमची तीच ब्रिटिश पेन्शन इथे आलो त्या वर्षीच्या आकड्यावर गोठलेली आहे. तिच्या प्रत्येक पत्राला एकच उत्तर यायचं, की धोरण बदलण्याचा तूर्त विचार नाही. शब्द तेच, स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी. एका वर्षी तिने उत्तर येण्याआधीच ते टाइप करून ठेवलं आणि आल्यावर ताडून पाहिलं. फक्त तारीख चुकली होती.

आता माझ्या मरणाबद्दल. एनिड गेल्यावर तिची पेन्शन बंद करण्याचा फॉर्म भरणं भाग होतं. आमचे दोघांचे कागद एकाच डब्यात. मी फॉर्म नीट वाचला, काळ्या शाईने भरला, मोठ्या अक्षरांत भरला, आणि मृत व्यक्तीच्या रकान्यात माझं नाव आणि माझा नंबर लिहिला. कसं झालं ते सांगता येत नाही. आयुष्यभर नाव लिहा म्हटलं की मी माझंच लिहीत आलो, एवढंच कारण सुचतं. तीन आठवड्यांनी पेन्शन कचेरीचं पत्र आलं, 'श्रीमती एनिड ओल्डरॉइड यांस'. पती श्री. हेडली यांच्या निधनाबद्दल तीव्र दुःख, या कठीण काळात आम्ही आपल्यासोबत आहोत, खाली शाईची सही आणि फोन नंबर. मी ते तिच्या वतीने दोनदा वाचलं. पत्र चांगलं होतं. बावीस वर्षांत तिकडून तिला आलेलं सही असलेलं हे पहिलंच पत्र, आणि त्यासाठी मला मरावं लागलं.

त्या शनिवारी आमच्या मंडळाचा सॉसेजचा स्टॉल होता. (हार्डवेअरच्या मोठ्या दुकानाबाहेर पाळीपाळीने सगळ्या संस्था लावतात. पावाच्या एका चकतीत एक सॉसेज, वर कांदा. शाळेचा बँड असो की गोठलेल्या पेन्शनवाल्यांचं मंडळ, पैसे उभे करायचे ते असेच.) आमच्या मंडळाची चिटणीस एनिड होती. सप्टेंबरात लंडनला काही खासदार परदेशातल्या पेन्शनरांचं म्हणणं ऐकून घेणार आहेत, माणशी तीन मिनिटं, आणि तिथे आमच्या वतीने तीच बोलणार होती. तिच्या जागी कोण, हे त्या दिवशी ठरायचं होतं. मी माझी बातमी सांगितली तसा आमच्यातला रेग टॅटरसॉल चिमटा खाली ठेवून म्हणाला, "काय रे हेडली, मेल्यावर तरी वाढली का?"

"नाही. बंद झाली."

"बघा! जिवंत असेपर्यंत गोठलेली, मेलास की बंद. यांच्या धोरणात खोट काढायला जागा नाही."

"तू गप्प बस आणि कांदा हलव," पॉलीन म्हणाली. "करपतोय. लंडनला कोण जाणार ते बोला आधी. रेग, तू जा."

"मी? माझे गुडघे विमानात मावत नाहीत."

"तोंड मावतं ना?"

मग सगळेच कांद्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "मी जातो." ताई, मी सभेत कधी तोंड उघडलेलं नाही. माझ्या स्वतःच्या लग्नातही आभार तुमच्या वडिलांनी मानले होते. रेग म्हणाला, "जाऊ दे त्याला. मेलेल्या माणसाला कसली भीती?" ठराव असा पास झाला.

पण जायचं तर आधी जिवंत व्हायला हवं. त्यासाठी दाखला लागतो, आणि त्यावर नात्यात नसलेल्या प्रतिष्ठित माणसाची सही. इथे वाचनालयात दर बुधवारी एका टेबलाशी सरकारने नेमलेले मानद साक्षीदार बसतात आणि लोकांच्या कागदांवर फुकट सह्या करून देतात. त्या बुधवारी नेमका मर्व्ह गंड्री होता. लॉन बोलिंगच्या क्लबात वीस वर्षं तो माझ्याविरुद्ध खेळतो आहे.

"काय रे पॉम, काय हवंय?" (आम्हा इंग्रजांना इथे असंच म्हणतात. मला त्यात आता मायाच ऐकू येते.)

"जिवंत असल्याचा दाखला."

"कुणाचा?"

"माझा."

"शनिवारचा तुझा खेळ पाहिलाय मी. शपथेवर सांगणं अवघड आहे." मग त्याने पासपोर्ट मागितला.

"वीस वर्षं ओळखतोस ना मला?"

"मी ओळखतो. शिक्का ओळखत नाही." पासपोर्टातला फोटो त्याने उजेडात धरला. "हा तर तुझ्याहून जास्त मेलाय." मागे रांगेतल्या दोन बायका हसल्या. त्याने सही केली, शिक्का मारला, आणि कागद माझ्या हातात देताना एनिडबद्दल दोन शब्द बोलला. ते चांगले होते, इथे लिहीत नाही.

दाखला पाठवला आणि पंधरा दिवसांनी सांत्वनाच्या पत्रावरच्या नंबरावर फोन लावला. पन्नास मिनिटं संगीत ऐकलं. मग मिस कॅम्पबेल म्हणून एक बाई आल्या. त्यांनी सगळी हकिगत शांतपणे ऐकली आणि विचारलं, "म्हणजे मिस्टर ओल्डरॉइड, गेलं कोण?" ताई, त्या दिवसापर्यंत ते वाक्य मी उच्चारलेलं नव्हतं. डॉक्टरांना, पाद्रीबाबांना, तुम्हाला, सगळ्यांना जिलियननेच सांगितलं होतं. मी म्हणालो, "माझी बायको. एनिड. अकरा मार्चला." पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला परत जिवंत केलंय. पण रक्कम जुनीच राहील हं."

आता तोंड उघडलंच होतं, तेव्हा मी थांबलो नाही. मी विचारलं, दोन सख्ख्या बहिणी हॅलिफॅक्सला टॉफीच्या एकाच कारखान्यात, एकाच पट्ट्यावर, शेजारी शेजारी उभ्या राहून एक्केचाळीस वर्षं कागद गुंडाळत होत्या. दोघींच्या पगारातून दर आठवड्याला सारखेच पैसे कापून कार्डावर पेन्शनच्या विम्याचं तिकीट लागत होतं. मग एकीला आज आठवड्याला एकशे शहात्तर पौंड आणि दुसरीला मरेपर्यंत पंचाहत्तर, असं का? बाई म्हणाल्या, यावर मला एक ठरलेलं वाक्य वाचावं लागतं. मी म्हटलं, वाचा, मला पाठ आहे. त्यांनी वाचलं. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "माझे आजोबा निवृत्त होऊन जमैकाला परत गेले. त्यांची दर वर्षी वाढते. मलाही कळत नाही."

हे मी मुद्दाम लिहितो आहे. अंत्यविधीच्या दिवशी फोनवर तुम्ही म्हणालात, "हेडली, तुम्ही ऊन निवडलंत. ऊन आणि वाढ दोन्ही कसं मिळणार?" त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही. आज देतो. ऊन जमैकालाही आहे. फिलिपिन्सला, स्पेनला आहे, आणि तिथे वाढ मिळते. ज्या देशाशी करार झाला त्याला मिळते, झाला नाही त्याला नाही, एवढीच त्यातली मेख. शिवाय आम्ही उन्हासाठी आलो नव्हतो. जिलियनला रात्रपाळ्या होत्या आणि दोन लहान मुलं होती. एनिडने ती वाढवली. या बावीस वर्षांत आम्ही तिकडच्या इस्पितळातून खोकल्याचं औषधसुद्धा घेतलेलं नाही. मी भीक मागत नाही आहे, ताई. तिने विम्याची तिकिटं लावली होती, तेवढंच म्हणतो आहे. तिला आता वाढ मिळाली काय आणि न मिळाली काय. पण ते म्हणणं तिचं होतं आणि ते अर्धवट राहू देणार नाही. इथे ती कांदा हलवायला सांगणारी पॉलीन आहे, एक्क्याण्णव वर्षांची, ती हिवाळ्यात एकाच खोलीत राहते कारण दुसरी गरम करणं परवडत नाही.

बोलण्याचा सराव मी मागच्या शेडमध्ये करतो. पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली. 'सन्माननीय सभासदहो' काढून टाकलं, दहा झाली. रेग म्हणतो, जोरात बोल. तसं केलं तर शेजारचा कुत्रा भुंकतो आणि माझा धागा तुटतो. पण जमेल. तीन सप्टेंबरला निघतो आहे. तिकीट काढलं. तुम्हाला कसलाही त्रास देणार नाही, एखाद्या स्वस्त हॉटेलात उतरेन आणि एक दिवस चहाला येऊन जाईन.

प्रकृतीस जपावं. एनिडची तुम्हाला फार आठवण असायची. तुम्ही दोघी फोनवर भांडायचात आणि ठेवल्यावर ती तासभर खूश असायची.

तुमचा मेहुणा,
हेडली

ता. क. मिस कॅम्पबेल म्हणाल्या की तिकडे राहणाऱ्यांना दर वसंतात नव्या रकमेचं पत्र येतं. तुमचं या वर्षीचं मला हवं आहे. पैशाचं विचारणं सभ्यपणाचं नाही हे मला कळतं, आणि वर लिहिलेला एकशे शहात्तरचा आकडा वर्तमानपत्रातलाच आहे. पण आकडे त्या खासदारांनी पोत्याने ऐकलेत. दोन बहिणींचे कागद शेजारी शेजारी ठेवलेले त्यांनी पाहिलेले नाहीत.

ता. क. २. हॉटेलचं खरं नाही. तुमच्या पुढच्या खोलीतला कोच चालेल. आणि नुसत्या कागदापेक्षा बहीणच उभी राहिली तर बरं, असं मंडळींचं मत पडलं. म्हणून दीड मिनिट तुमच्यासाठी ठेवलं आहे. माझ्याशी सहमत व्हायची गरज नाही. तुमचा कागद तुम्ही वाचायचा, तिचा मी वाचेन. बळजबरी नाही. दिलेली नावं या पंधरा तारखेपर्यंत मागे घेता येतात. हे पत्र पोचायला दहा दिवस लागतात, म्हणजे विचार करायला तुम्हाला पुरेसे दोन दिवस मिळतात.

ता. क. ३. पाकीट चार दिवस टेबलावरच राहिलं, तेवढ्यात लंडनहून छापील यादी आली. तुमचं नाव माझ्याखाली आहे, पण स्टॅनलीशी एक्कावन्न वर्षं संसार केलेल्या बाईला त्यांनी 'कुमारी म्युरियल हेग' छापलं आहे. मी लगेच फोन केला. दुरुस्ती सुनावणीच्या दिवशी सकाळी साडेनऊला, ज्याचं नाव त्याने स्वतः हजर राहूनच करता येते म्हणाले.