ब्लाइमी म्हण, मेल्या

११ एप्रिल, वेळणेश्वर
ऋत्विकला इंग्रजी शिकवायचं. बदल्यात खाट आणि दोन वेळचं जेवण. होमस्टे दमयंतीमावशीचा, ऋत्विक तिचा मुलगा. त्याला क्रूझवर वेटर व्हायचंय. पॅसेंजर सगळे म्हातारे ब्रिटिश. इंटरव्ह्यू घेणारा स्वतःच पॅसेंजर बनतो म्हणे. सांगतो, आज आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली — आणि वेटरला नवल वाटलेलं दिसलं पाहिजे. नवलाचे शब्द माझ्याकडे आहेत. गोव्याच्या शॅकवर दोन सीझन तेच ऐकले.

१२ एप्रिल
ब्लाइमी — साधं नवल. ऊन बघून, बिल बघून, कशालाही. क्राइकी — जुना शब्द, म्हातारे खूश. वेल, आय नेव्हर — म्हाताऱ्या बायकांपुढे, आणि वाक्य तिथंच सोडायचं. गॉब्स्मॅक्ड ओरडायचं नसतं, नंतर सांगायचं असतं — आय वॉज गॉब्स्मॅक्ड. ब्लडी हेल किचनमध्ये, पॅसेंजरपुढे कधीच नाही.
ऋत्विकनं पाठ केलं सगळं. पण तोंड! जांभ्याचा चिरा. ब्लाइमी असं म्हणतो की मीठ मागतोय वाटतं.
दीपकचा फोन आला, केळशीहून. चुलतभाऊ. तुझे बाबा अंथरुणावरून उठत नाहीत, तुझं नाव घेतात, ये. बघतो म्हटलं.

१४ एप्रिल
कारण सापडलं. परसातला फणस बुंध्यापासून लगडलाय. मी सहज म्हटलं, क्राइकी, केवढे! मावशी आतून धावत आली. "नवल नको करू हां. दृष्ट लागते. बघायचं नि गप ऱ्हायाचं."
ऋत्विक जन्मापासून नवल गिळतोय. तोंड हलणार कसं?
राजापूरच्या काजू कारखान्यातला मुकादम फणस खायला बसला की — असो. त्याचं परत कधी.

१५ एप्रिल
आता खरा धक्का द्यायचा. जेवताना ऋत्विकच्या ताटात जिवंत खेकडा सोडला. "आई गं," म्हणाला. मी पाठीत गुद्दा घातला — ब्लाइमी म्हण, मेल्या.

१७ एप्रिल
खेकड्यानं भागत नाही. ऋत्विक खडकावर गरी टाकून बसला होता. मी बोंबलत गेलो, मावशी विहिरीत पडली! अनवाणी धावला. तळपाय कालवांनी फाटला. मावशी अंगणात आमसुलं वाळवत होती. मी हसून हसून खाली बसलो. तो थरथरत म्हणाला, "क्राइकी." पहिल्यांदा जमलं! दहापैकी आठ दिले.
मावशीनं त्याच्या पायाला हळद लावली. मग मला जेवायला वाढलं.
"तुला आय नाय काय रे?"
नाही म्हटलं.
"बापूस?"
आहे थोडा.

२० एप्रिल
दीपक थांबतच नाही. ब्लॉक केला. होमस्टेचा नंबर आहे त्याच्याकडे, करू दे तिथं. बाबांनी मागच्या वेळी उंबऱ्यातूनच परतवून लावलं होतं. आता नाव घेतात! इंटरव्ह्यू होऊ दे, मग जाईन. फेरीबोट धरली की अर्ध्या दिवसाचा तर रस्ता.

२३ एप्रिल
ऋत्विक पास! बाई म्हणाली, आज माझा ऐंशीवा वाढदिवस. त्यानं डोळे मोठे केले, हात छातीवर नेला, वेल, आय नेव्हर. मी विचारलं, मनात काय आणलंस?
"विहीर," म्हणाला.

२४ एप्रिल
सकाळी पुळणीवर लोळत होतो. ऋत्विक लंगडत आला.
"तुझे बाबा गेले. दीपकचा फोन होता. अग्नी द्यायला तुझ्यासाठी थांबलेत."
परत जांभ्याचा चिरा. आवाज सपाट. सूड उगवतोय! मी म्हटलं, ब्लाइमी. दहापैकी दोन. आधी डोळ्यांत पाणी आण, मग ये.
"दुपारची फेरीबोट मिळेल," म्हणाला.
तपशीलपण भरतो आता. शिकलाय बरा.
तरी पिशवी भरली. इथलं काम संपलं, गुहागरला होड्या रंगवायचं काम आहे. ऋत्विक रस्त्यापर्यंत आला. एसटी येईपर्यंत माझा हात धरून उभा. नाटक शेवटपर्यंत सोडलं नाही पठ्ठ्यानं.

९ मे, गुहागर
बाजारात हौसाकाकी भेटली, केळशीची, आमच्या शेजारची. माझ्या डोक्याकडेच बघत राहिली.
"केस नाय काढलेस?" मग म्हणाली. "दीपकनं काढले. अग्नी पण त्यानंच दिला."
माझं तोंड हललं नाही.