शिळं अंडं

प्रिय फीयाक्रा,

बाबांच्या टोमण्यांनी आपण दोघंही होरपळलो, तू तर बॉस्टनच गाठलंस! माझ्या लग्नाच्या मीडसाठी, त्या मधाच्या दारूसाठी, मधपाण्याचा दाटपणा बघायला तू अंडं सोडलंस, तेही शिळं. ते साध्या पाण्यातही तरंगलं असतं! मध पुरेसा समजून पिंप बंद केलं आणि लग्नात पाहुण्यांची तोंडं आंबट झाली. आपण किती हसलो होतो! बाबा हसले नाहीत.

काल त्यांनी आपल्या केरीच्या डोंगरावरचा मध पाण्यात कालवला. मी अंडं आणलं, तर म्हणाले, "तू नको गं. ते त्या गाढवाचं काम आहे." पिंप तसंच झाकलं.

हे पत्र मी खिशात लपवूनच टपालात टाकणार आहे. तुला बोलावलेलं त्यांना खपणार नाही. पण मधपाणी आंबायचं थांबत नाही, बाबाही थकलेत. ये, आणि खुराड्यातलं ताजं अंडं तूच सोड.

तुझी ताई,
गोबनेट