खांब नसलेला तंबू

लेवार्डन, २० मे

प्रिय वित्स्के,

तुझं कार्ड मिळालं. ट्युलिपचं चित्र छान आहे, मारिटने ते लगेच फ्रिजवर चिकटवलं. आम्ही तिघी मजेत आहोत. एवाउटचं गाळ उपसायचं जहाज सिंगापूरपाशी अडकलंय, जुलैअखेरपर्यंत तो काही येत नाही, म्हणजे बेटावरच्या आपल्या कॅम्पात आमच्यासोबत जेमतेम शेवटचा आठवडा असेल. यिल्डौ कपडे घालून पोहायच्या परीक्षेत पास झाली. बागेत रुबार्बची भाजी अशी माजलीय, की मी वाटायला निघाले की शेजारी दारच उघडत नाहीत.

हे सगळं फोनवरच्या घरच्या ग्रुपमध्ये लिहिता आलं असतं. पण तिथे तुझा नवरा सगळ्यांच्या आधी वाचतो, हसणारी तोंडं टाकतो, आणि मग आई दिवसभर विचारत बसते, काय झालं, काय झालं. म्हणून कागद घेतला. हे तू एकटीने वाच.

तू लिहिलंयस, की या उन्हाळ्यात तिन्ही आठवडे मुली तुमच्या तंबूत राहू देत, मी घरी विश्रांती घ्यावी, वाटलं तर मधे दोन दिवस येऊन जावं. आईचंही हेच मत आहे म्हणे. बाबांचा सुती तंबूही तुमच्याकडेच राहील आणि यापुढे खांब तुझा डौवे धरेल. अक्षर अगदी सुरेख काढलंयस. उत्तर देतेच, पण आधी माझी बातमी ऐक.

मी तंबू घेतला. हवेचा.

डौवेचा आवाज मला इथवर ऐकू येतोय. "हिस्के आता फुग्यात राहणार! वाऱ्याची एक झुळूक आली की थेट डेन्मार्क!" त्याला सांग, डेन्मार्कला पोहोचलो की त्यालाही कार्ड टाकीन. या तंबूत खांब नाही, काठी नाही. रबरी बोटीच्या काठासारख्या जाड तीन कमानी असतात, पंपाने हवा भरली की उभ्या राहतात. मागच्या आठवड्यात वाऱ्याने समोरच्या घराची कौलं उडवली, त्या दिवशी मी तो मुद्दाम मागच्या बागेत लावून ठेवला होता. कमानी वाकल्या, सरळ झाल्या, आतला कपसुद्धा सांडला नाही. बाबांचा सुती तंबू त्या वाऱ्यात रात्रभर कण्हला असता, हे तुलाही ठाऊक आहे.

द्राख्टनच्या बाहेर तंबूंचा तो मोठा हॉल आहे ना, आत साठेक तंबू उभे करून ठेवलेले असतात आणि लोक रविवारी घर बघायला आल्यासारखे त्यातून फिरतात, तिथे मी तीनदा गेले. पहिल्या खेपेला भुलले. सुती मिश्रणाचं कापड, आत निजायच्या तीन काळोख्या खोल्या, पुढे ओसरीएवढी जागा. मुली आत आडव्या पडल्या त्या उठेचनात. मी विक्रेत्याला म्हटलं, "आता हा पिशवीत भरून माझ्या हातात द्या."

तो म्हणाला, "बाई, हा अडतीस किलो भरतो. घरच्या पुरुषाला घेऊन या."

"घरचा पुरुष सिंगापूरला आहे. तंबू मी उचलणार."

"मग पोरींना लावा कामाला!"

पिशवी मी जमिनीवरून चार बोटंही उचलू शकले नाही. हवेच्या तंबूंचं हेच असतं, उभे करायला सोपे आणि उचलायला धोंडे. तो राहिला.

दुसऱ्या खेपेचा हलका होता, पण प्रत्येक कमानीची हवा वेगळी भरायची आणि तोंडाचं झाकण असं घट्ट, की एका हाताने धरून दुसऱ्याने पिळायला लागे. तो मी पाहताक्षणी नाकारला. विक्रेता बिचारा म्हणाला, "पण यात खोट काय आहे?" मी म्हटलं, "खोट काही नाही, मला दोन हात लागणारं काही नकोय."

तिसऱ्या खेपेला सापडला. मध्यम, चौघांचा, बावीस किलो, पिशवीला चाकं. हवा एकाच तोंडातून तिन्ही कमानींत जाते, जास्त झाली की झडप उघडून आपोआप सुटते. मी म्हटलं, मी स्वतः लावून बघणार, आणि डावा हात जॅकेटच्या खिशात घालून सुरुवात केली. पंपाची पट्टी पायांनी दाबून ठेवायची आणि उजव्या हाताने मारत सुटायचं. बघताबघता लोक जमले. आपल्या लोकांना दुसऱ्याचा तंबू उभा राहताना बघण्याइतकं सुख कशात मिळत नाही. एक म्हातारबाबा आपल्या बायकोला म्हणाले, "अगं, ही बघ, एका हाताने करतेय. पैज लागलीय वाटतं."

विक्रेत्याने विचारलं, "हात दुखतोय का?"

"दुखत नाही. आज सुट्टीवर आहे."

मधे एकदा दम लागला तेव्हा मी फरशीवर फतकल मारून बसले. यिल्डौ घड्याळ लावून उभी होती. चोवीस मिनिटं. मेखा नंतर घरी बागेत ठोकून पाहिल्या, बसून, त्याला आणखी अर्धा तास. मारिट मात्र सगळा वेळ बाहेरच उभी होती. कमानी उभ्या राहिल्यावर तिने आत डोकं घालून वर पाहिलं, सगळीकडे पाहिलं, आणि विचारलं, "यात खांब कुठेच नाही?"

"कुठेच नाही."

"मग मी येते आत."

वित्स्के, तुला ठाऊक आहे का, की गेल्या उन्हाळ्यापासून ही पोर कुठल्याही खांबाखाली उभी राहत नाही? आईच्या वाढदिवसाला अंगणात छत लावलं होतं, तेव्हा ती उन्हात बसली होती. सगळ्यांना वाटलं, हट्टी आहे. मी तसं वाटू दिलं. लोकांना चुकीचं वाटू द्यायची मला सवयच लागली होती.

त्याच वाढदिवसाला खुर्च्या गोल मांडल्या होत्या, तू शेरीचे पेले फिरवत आलीस, आणि माझ्यापाशी आल्यावर ट्रेच्या कडेला वेगळा ठेवलेला सफरचंदाचा रस माझ्या हातात दिलास. वर माझ्या दंडावर थोपटलंस. मेव्हणे, मावश्या, शेजारीण, सगळे आपापल्या केककडे बघत होते. मी रस प्यायले आणि आणखी मागितला. आणि आता या कार्डासोबत ते पत्रक: "दारू सोडायचीय? आमच्याशी बोला." फोन नंबर तू पिवळ्या रंगाने रंगवलायस, हो, रंगवलायस, मी काही आंधळी नाही.

तर बोलूया.

बाबांची रीत तुला सांगायला नको. खांब उभा करण्याआधी ज्याने तो धरायचा त्याने कडू बेरेनबुर्ग दारूचा एक पेला घ्यायचा, मग आत उभं राहायचं आणि बाहेरचे दोरे ताणून होईपर्यंत हलायचं नाही. बाबा गेल्यावर तो मान माझ्याकडे आला, कारण मी सगळ्यांत उंच. मला त्याचा केवढा अभिमान होता, हे मी तुला कधी बोलले नाही. गेल्या वर्षी मी पेला घेतला. एक. आत गेले, खांब धरला, तुम्ही दोरे ओढायला लागलात, आणि माझा डावा हात गेला. दुखला नाही, थरथरला नाही, नुसता नाहीसा झाला. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो माझं ऐकत नव्हता. मारिट आतमध्ये बादली घ्यायला वाकली होती. पुढचं तू पाहिलंस. तिच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मी अजून ऐकते, झोपेत नाही, दिवसाढवळ्या, भाजी चिरताना.

बाहेर धावत येताना माझा पायही लटपटला. तू मला दोन्ही खांद्यांना धरून ओरडलीस, "किती घेतलीस?" सगळे बघत होते. आणि मी म्हटलं, "तीन."

वित्स्के, मी एकच घेतली होती.

गेल्या वर्षी एप्रिलपासूनच माझ्या बोटांना मुंग्या येत होत्या. मी पुस्तकं उघडून वाचत बसले होते आणि पुस्तकांत जे लिहिलं होतं ते मला नको होतं. त्या क्षणी तू विचारलंस आणि मला तेवढं एकच उत्तर सुचलं, जे बरं होण्यासारखं होतं. दारू माणूस सोडू शकतो. लोक दारुड्यावर चिडतात, पण वर्षभराने टाळ्याही वाजवतात. दुसऱ्या उत्तराला कोण टाळ्या वाजवणार? ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी तपासण्या पुढ्यात ठेवल्या. एमएस. नसांवरचं वेष्टण झिजतं आणि मेंदूचा निरोप वाटेतच हरवतो. हात बराचसा परत आलाय, या पत्राचा कागद त्यानेच दाबून धरलाय. पण त्याच्यावर आता भरवसा नाही. कधी आठवडाभर नीट चालतो, कधी कपही धरत नाही. एवाउटला माहीत आहे. मार्चपासून मुलींनाही माहीत आहे, वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांना समोर बसवून सांगितलं. मारिट म्हणाली, "म्हणजे तू नाही सोडलास, हाताने सोडला." सहा वर्षांच्या पोरीने मला माफ केलं, आणि मग मी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले.

खोटं मी बोलले, हे कबूल. तुझ्यासमोर, आईसमोर, सगळ्या कॅम्पसमोर बोलले. त्याबद्दल मला बोल लाव, माझी तक्रार नाही. पण मलाही काही बोलायचंय. तीस वर्षं आपण एकत्र त्या बेटावर जातो. मला तिसरा पेला घेताना तू कधी पाहिलंयस? दुसरा तरी? मी "तीन" म्हटलं आणि तू मान हलवलीस, जशी तू या उत्तराची वाटच बघत होतीस. नंतर वर्षभरात तू रस दिलास, पत्रक दिलंस, मुलींसाठी तंबूत जागा केलीस, पण एकदाही येऊन म्हणाली नाहीस, "हिस्के, खरं काय झालं गं?" एकदा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. कदाचित दुसऱ्यांदा विचारावं लागलं असतं. बहिणीने दुसऱ्यांदा विचारायचं असतं, वित्स्के.

मी रागावून लिहितेय, कारण मी रागावले आहे. तुझ्यावर, स्वतःवर, या हातावर. घाबरलेलीही आहे. पुढच्या उन्हाळ्यात काय असेल, चालता येईल का, दिसेल का, कोणी सांगू शकत नाही. पण मला भीती वाटते म्हणून मुली कोणाच्या स्वाधीन करायच्या, हे मला मान्य नाही. तू त्यांची मावशी आहेस, त्यांना तुझ्याकडची पॅनकेक आवडतात, दिवसभर त्या तुमच्याच ओसरीत पडलेल्या असतील आणि मी काही म्हणणार नाही.

तर ऐक काय ठरलंय ते. चौदा जुलैला सकाळच्या बोटीने आम्ही तिघी येतोय. सामानाच्या गाडीवर पिशवी मी स्वतः ठेवीन. जागा मी आपल्याच ओळीत घेतलीय, नळाजवळची, कारण पाण्याच्या बादलीचं अंतर मला आता मोजावं लागतं. तंबू लावायला मला तास लागेल, वारा असला तर दोन. तोवर कोणी जवळ येऊन दोरा ओढायचा नाही, "थांब, मी करतो" म्हणायचं नाही, विशेषतः डौवेने. मला मदत लागेल तेव्हा मी मागेन. मागायला मला किती जड जातं हे तुला ठाऊक आहे, म्हणून मागितली की लगेच ये, उगाच मान वाकडी करून बघत उभी राहू नकोस.

आईला मी रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला सांगणार आहे. तिला तू आधी सांगू नकोस. मला तिचा चेहरा स्वतः बघायचाय आणि तिने रडायचं असेल तर माझ्या खांद्यावर रडायचं, तुझ्या नाही.

तुला याचं उत्तर लिहावंसं वाटेल. लिही. शिव्या दे, चालेल. मात्र "बिच्चारी" हा शब्द त्यात कुठेही आला, तर मी कागद तसाच परत पाठवीन.

मुली माझ्या तंबूत झोपतील. एक माझ्या उजवीकडे, एक डावीकडे, आणि डावीकडे कोणी झोपायचं यावरून त्यांचं आत्तापासून भांडण चाललंय. ते भांडण मी सोडवीन. त्यात तू पडायचं नाहीस.

यिल्डौ आणि मारिटची आई,
हिस्के