मिठागर थांब्यावर दाफिनाचा वर्षाचा कागद लावू देण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
थांबे व सार्वजनिक भिंती विभाग,
सिनिनोस नगरपालिका, दुसरा मजला, खोली क्र. २१७

दिनांक : ३ सप्टेंबर

विषय : बस क्र. ११ च्या मिठागर थांब्यावर दिवंगत पत्नीच्या वर्षश्राद्धाचा एक कागद दि. १० ते १९ सप्टेंबर या काळात लावण्यास परवानगी मिळणे, तसेच तिच्यावरील बंदी उठवणे.

संदर्भ : १) आपली नोटीस दि. २६ मार्च, माझ्या पत्नीच्या नावे. २) दुसरी नोटीस दि. १७ एप्रिल, तिच्याच नावे, वरच्या मजल्यावर. ३) निर्णय दि. ८ मे.

महोदया,

अर्ज एका पानात बसवावा, असे आपल्या दारावर लिहिले आहे. मी दोनदा प्रयत्न केला. बसला नाही, म्हणून पाठीमागेही लिहीत आहे. अक्षर बारीक काढता आले असते, पण मग ते मलाच वाचता येत नाही.

१. मी झेल्याझ्को पानायोतोव द्रागीएव, वय ७१, बंदरावरचा निवृत्त क्रेनचालक, राहणार तळ्यापलीकडची वसाहत, ब्लॉक ४१, प्रवेशद्वार ब, सहावा मजला. माझी पत्नी दाफिना गेल्या वर्षी १९ सप्टेंबरला वारली. हृदय बंद पडले, झोपेत. येत्या १९ तारखेला वर्ष होते. आपल्याकडे चाळीस दिवसांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने माणसाचा कागद लावतात. त्यावर फोटो, नाव आणि स्मशानात कधी जमायचे ती वेळ असते. तसा तिचा कागद थांब्यावर दहा दिवस राहावा, एवढीच विनंती आहे. बाकीचे सर्व लिखाण या विनंतीचा खुलासा आहे.

२. कागद ब्लॉकच्या दारावर लावा, तिथे मनाई नाही, असे मला आपल्या कार्यालयात सांगण्यात आले. तो तिथे लावलेलाच आहे. पण ब्लॉकमधल्या लोकांना ती गेल्याचे माहीतच आहे. तिची शवपेटी त्यांनीच जिन्याने खाली उतरवली, कारण लिफ्ट बंद होती. (लिफ्टचा अर्ज वेगळा करीन.) प्रश्न थांब्यावरच्या लोकांचा आहे. दाफिनाने मिठागर थांब्यावरच्या टपरीत सव्वीस वर्षे बनित्सा, चीज भरलेली पापुद्र्यांची गरम पोळी, विकली. अकरा नंबर वसाहतीतून निघते, तळ्याला वळसा घालते, मिठागरांवरून स्टेशन आणि बंदराच्या फाटकाशी येते, मग वर इस्पितळाकडे जाते आणि शेवटी स्मशानाशी थांबते. म्हणजे अर्धे शहर रोज सकाळी तिच्या टपरीसमोर उभे असायचे. त्या लोकांना तिचे आडनाव माहीत नाही, घर माहीत नाही. तिलाही त्यांची नावे माहीत नव्हती. "दोन गरम आणि घाई", "बिनचीजवाला डॉक्टर", "उद्या देते", अशी नावे तिनेच ठेवली होती. या लोकांना मी चिठ्ठी कोणत्या पत्त्यावर पाठवू?

माझ्या क्रेनच्या केबिनमधून तो थांबा दिसायचा. टपरीपुढची रांग लांब असली की मी जेवायला उशिरा उतरायचो. तिला वाटायचे, मी जहाजे बघत असतो.

३. चाळीस दिवसांचा कागद गेल्या ऑक्टोबरात लावला तेव्हा थांबा जुना, काँक्रीटचा होता. त्याच्या भिंतीवर आधीच्या मंडळींचे कागद एकावर एक होते. त्यात दाफिनाला जागा करून दिली. मी आणि माझी मेहुणी केराना, आम्ही तिच्या नावाने वाटायला एक किलो गहू उकडला, साखर घातली आणि स्मशानात गेलो. घरचे धरून पंधरा माणसे येतील असा अंदाज होता. अकरा नंबर आली आणि अख्खी बस उतरली. मी आधी समजलो, बिघडली. नंतर आणखी एक आली. गहू संपला, पाव संपला, शेवटी केरानाने पर्समधल्या गोळ्या वाटल्या, आणि लोकांनी त्याही "देव तिला क्षमा करो" म्हणून घेतल्या.

त्या दिवशी मला माझी बायको पुन्हा कळली. टगबोटीचा कप्तान म्हणाला, "मावशी मला रोज टोमणा मारायची. म्हणे, कप्तान, एवढाली जहाजं ओढून आणतोस आणि बसच्या मागे कुत्र्यासारखा पळतोस!" इस्पितळातली एक नर्स म्हणाली, "रात्रपाळी करून आले की न विचारता कडेचा कुरकुरीत तुकडा द्यायच्या. घरी कुणी विचारत नाही मला, कडेचा की मधला." कडेचा तुकडा मलाही आवडतो. ती म्हणायची, संपला.

४. जानेवारीत आपल्या विभागाने थांबा नवा केला. काचेचा आहे, बसायला गरम होणारा बाक आहे, बस किती मिनिटांत येईल ते दिव्यात दिसते. चांगले काम झाले आहे, हे मी या अर्जात नमूद करू इच्छितो. टपरी काढली, तेही मी समजू शकतो. सहा महिन्यांचा कागद मी १२ मार्चला सकाळी सातला त्या काचेवर लावला. दुपारी बाराला नव्हता. १९ मार्चला स्मशानात मी, केराना, पाद्री आणि तिथला कुत्रा, असे चौघे होतो. गहू तीन किलो उकडला होता. पाद्री दोन वाट्या जेवला. उरलेला मी आठवडाभर खाल्ला, आणि खाताना प्रत्येक वेळी वाटले की तिला लोक विसरले. लोक विसरले नव्हते. त्यांना कळलेच नव्हते. ही चूक मला वर्षाच्या दिवशी पुन्हा होऊ द्यायची नाही. त्यानंतर कागद लावायची रीत निदान आमच्या घरात तरी नाही. म्हणजे ही शेवटची वेळ आहे.

५. त्यानंतर संदर्भ क्र. १ ची नोटीस आली. ती दाफिनाच्या नावे होती. "आपण नवीन थांब्याच्या काचेवर स्वतःचे छायाचित्र असलेली जाहिरात विनापरवाना लावल्याचे आढळले. समक्ष हजर राहून खुलासा करावा. सोबत ओळखपत्र आणावे." नियमानुसार कागदावर ज्याचे नाव, त्याने तो लावला असे धरतात, हे मला नंतर कळले. डिस्कोच्या जाहिराती चिकटवणाऱ्यांसाठी तो नियम बरोबर आहे.

मी ३१ मार्चला आपल्या खिडकी क्र. ३ वर गेलो. तिथे मिग्लेना नावाच्या बाई बसतात.

"त्यांना स्वतः यावं लागेल, काका."

"ती येऊ शकत नाही."

"सगळे असंच म्हणतात. आणि मग ऑगस्टात वाळूवर पालथे पडलेले दिसतात."

मी म्हटले, "बाई, फाईल उघडून जाहिरात एकदा वाचा." त्यांनी उघडली. पुरावा म्हणून कागद त्यात लावलेलाच होता, वर क्रूस, खाली फोटो. त्यांनी वाचला, छातीवर क्रूस केला, डोळे पुसले. म्हणाल्या, "अगंबाई, ही तर बनित्सावाली मावशी! मी रोज घ्यायचे हिच्याकडून." मग नाक शिंकरून म्हणाल्या, "पण काका, तुम्ही त्यांच्या वतीने बोलायचं तर त्यांचं कुलमुखत्यारपत्र लागेल."

मिग्लेनाबाईंबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी मला पाणी दिले. कुलमुखत्यारपत्रासाठी मी कोपऱ्यावरच्या नोटरीकडे गेलो. तो म्हणाला, "देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली पाहिजे." मी विचारले, "तुम्ही तिथवर याल का?" त्याने विचारले, "कुठवर?" मी सांगितले. त्याने माझ्याकडून काही फी घेतली नाही.

मृत्यूचा दाखला घेऊन मी परत आलो. तो पहिल्या मजल्यावरच्या नोंदणी विभागाचा आहे, दुसऱ्या मजल्याला तो संगणकातून यावा लागतो, आणि संगणकातून तो अजून आलेला नाही. जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. मी मोजल्या, कारण दाखला हातात धरून मी त्या सहा वेळा चढलो.

६. एप्रिलमध्ये आपले निरीक्षक चौकशीला आमच्या ब्लॉकमध्ये आले. मी घरी नव्हतो. चौथ्या मजल्यावरचा डोब्री त्यांना दारात भेटला. त्याच्या सांगण्यानुसार संभाषण असे झाले. "द्रागीएवा बाई इथंच राहतात?" "राहायची. आता गेली." "कुठे?" डोब्रीने बोट वर केले. निरीक्षकांनी लिहून घेतले आणि दुसरी नोटीस सातव्या मजल्यावर चिकटवली.

सातव्या मजल्यावर श्रीमती रुस्का राहतात, वय ८४. त्यांनी दारावर दाफिनाचे नाव आणि "समक्ष हजर राहावे" हे शब्द वाचले आणि दोन दिवस दार उघडले नाही. आता त्या जिन्यात भेटल्या की विचारतात, "अरे झेल्याझ्को, तुझी बायको माझ्याकडे कधी येणार? मी कॉफी टाकून ठेवते." डोब्रीला मी बोललो. तो म्हणाला, "मग काय खाली दाखवायचं होतं का? आपली दाफिना आहे ती!"

७. दोन्ही वेळा दाफिना हजर न राहिल्याने ८ मे रोजी तिच्या गैरहजेरीत निर्णय झाला. तिला बारा महिने शहरातल्या कोणत्याही थांब्यावर काहीही लावण्यास मनाई आहे. ही मनाई तिने आजपर्यंत तंतोतंत पाळली आहे, याची नोंद व्हावी. अडचण अशी की १९ सप्टेंबर या बारा महिन्यांत येतो आणि कागदावर नाव तिचेच असणार. माझे नाव घालावे तर लोक फुलांसह माझ्या दारात येतील.

अशा कागदांसाठी विभागाने वेगळा फलक उभा केला आहे, असे निर्णयाच्या तळाशी लिहिले आहे. मी पाहून आलो. तो मासळी गोदामामागे, डेपोच्या आवारात आहे. तिथे बस रिकामी होऊन येते. ड्रायव्हरांना तर मी तोंडी सांगू शकतो.

८. हे सर्व मी परवा केरानाला सांगत होतो. ती दाफिनाची धाकटी बहीण; जीभ दोघींची एकच. ती म्हणाली, "पुरे झालं रे तुझं पुराण. क्रेनवर वीस टन उचलायचास, आता एक कागद हातात धरवत नाही?"

मी निर्णय पुन्हा वाचला. त्यात चिकटवणे, टांगणे, खिळ्याने ठोकणे आणि फवारणे आहे. धरणे नाही.

म्हणून काल, २ सप्टेंबरला, छापखान्यातून आणलेला एकच नमुना घेऊन मी सकाळी सहाला मिठागर थांब्यावर उभा राहिलो. कागद छातीशी धरला. काचेला पाठ लागू दिली नाही. लाज वाटत होती. पहिली दहा मिनिटे लोक फक्त वाचत होते. मग एक बाई म्हणाली, "काका, हात खाली करा जरा, मी धरते." तिची बस आली, ती गेली नाही. दुसरी आली, तेव्हा टगबोटीचा तो कप्तान धावत आला, कागद पाहून थांबला आणि म्हणाला, "द्या इकडे. बंदराच्या फाटकापर्यंत मी धरतो." आणि तो कागद घेऊन अकरा नंबरमध्ये चढला. मी ओरडलो, "अहो, एकच प्रत आहे!" तो दारातून म्हणाला, "मग सांभाळून धरतो!"

फाटकाशी त्याने तो एका नर्सला दिला. इस्पितळाशी तिने दुसऱ्या कुणाला. स्मशानाच्या थांब्यावरून तो परत फिरला आणि तळ्यापर्यंत आला. हे मला ड्रायव्हरने सांगितले. तो म्हणाला, "आज कुणी मोबाईल बघत नाहीये, सगळे मावशीबद्दल बोलतायत. कुणाचं किती उधार राहिलं त्यावरनं भांडणसुद्धा झालं." मी संध्याकाळी कागद परत मागितला. तो म्हणाला, "आता नाही मिळायचा, काका. मागच्या सीटवर त्यासाठी नंबर लागलेत."

महोदया, बसच्या आत कागद धरण्याचा विषय आपल्या विभागाचा नाही, वाहतूक विभागाचा आहे, तिसरा मजला. मी त्यांना वेगळा अर्ज करणार नाही.

तरीही परवानगी द्यावी, असे मला वाटते. काम होत नाही म्हणून नव्हे. ती सव्वीस वर्षे त्या थांब्यावर परवान्याने उभी होती, शेवटी तिचे नाव मनाईच्या यादीत राहू नये. आपण दिली तर मी पिठाच्या खळीने लावीन, पाण्याने निघते, आणि २० तारखेला स्वतः काच पुसून देईन.

१९ सप्टेंबरला सकाळी अकरा वाजता स्मशानात जमायचे आहे. आपणही यावे. मिग्लेनाबाई म्हणाल्या, मॅडम रोज अकरा नंबरनेच येतात, इस्पितळाकडून. तसे असेल तर हा अर्ज जिने चढून आपल्या टेबलावर पोचेपर्यंत उद्या सकाळी आपल्या शेजारचा कुणी उतारू म्हणेल, "बाई, माझा थांबा आला, एवढं जरा धरता का?"

कृपया धरावे.

आपला,
अकरा नंबरचा रोजचा प्रवासी,
झेल्याझ्को पा. द्रागीएव
(सही)

सोबत :
१) मृत्यूचा दाखला (पहिल्या मजल्याचा, दुसऱ्या मजल्यासाठी).
२) दोन्ही नोटिसा. दुसरीवर श्रीमती रुस्का यांच्या कॉफीचा डाग आहे.
३) निर्णयाची प्रत.
४) कागदाचा नमुना : बसमधून उतरल्यावर सादर करीन.